सोललेली सुंगटं (कोळंबी), तयार मसाला, इडलीचं पीठ : जास्तीचे पैसे वसूल होतात का?

सुरंगी | सोमवार, रात्री ९.४०

मंडळी, आमच्या घरात बरेच दिवस धुमसणारा वाद इथे आणते आहे. इथे रांधणारेही आहेत आणि हिशेब ठेवणारेही, त्यामुळे दोन्ही बाजू कळतील.

मी डिचोलीहून पणजीला नोकरीला जाते. बस वेळेवर मिळाली तरी घरात पाऊल टाकेपर्यंत साडेसात होतात. त्यामुळे महिन्याच्या सामानात तयार वस्तू एकेक करून शिरत गेल्या. इडली-डोशाचं पीठ, सोललेली लसूण, खवलेला नारळ, शागोतीचा (मटण-कोंबडीच्या रश्श्याचा) मसाला, सोललेली सुंगटं, मुलाच्या डब्यासाठी गोठवलेले पराठे. सासूबाईंच्या मते हे म्हणजे दुप्पट पैसे देऊन निम्मी चव आणणं. नवरा म्हणतो, "तुला सोपं पडतं ना, मग घे." म्हणजे खर्च माझ्या सोयीच्या नावावर पडतो, जेवतात मात्र घरातली सगळी. याचा मला खरा राग आहे.

म्हणून कागद घेऊन बसले. किलोभर पीठ आमच्याकडे ९० रुपयांना मिळतं. त्यात धान्य साधारण ४०० ग्रॅम, बाकी पाणी. ३०० ग्रॅम तांदूळ ५० रुपये किलोने १५ रुपये, १०० ग्रॅम उडीद डाळ १४० ने १४ रुपये. मेथी, मीठ, वीज धरून ३२-३३. वरचे ५७ रुपये भिजवण्याचे, वाटण्याचे, मिक्सर धुण्याचे आणि पीठ फुगेल की नाही ही काळजी दुसऱ्याने वाहण्याचे. हे मला पटतात. खवलेल्या नारळाचे पटत नाहीत: मध्यम नारळाचा दोनेकशे ग्रॅम चव (खवलेला कीस) निघतो, आणि तेवढ्याच चवाच्या पुडीला नारळाच्या दुप्पट भाव. लसणीचं अजून ठरत नाही.

तुमच्याकडे काय विकतचं, काय घरचं, आणि का?

म्हापशेकर | सोमवार, रात्री ९.५२

पोदेर! बाकी चर्चेआधी हे नाव घ्या. सकाळ-संध्याकाळ सायकलीचा भोंगा वाजला की उंडे, पोळी, काकणं असे पाव दारात हजर. किती घरांत भट्टी आहे? पाव विकतचाच, आणि त्यावरून कोणाच्या सासूबाई कधी रुसल्याचं ऐकलं नाही. सोयीचं खाणं गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या आहे, फक्त पाकिटात नव्हतं.

तिरफळ | सोमवार, रात्री १०.०५

म्हापशेकर +१. तुमच्याच शुक्रवारच्या बाजारात मोड आलेले मूग मापाने विकणाऱ्या बायका बसतात. फणस कापून, गरे काढून मिळतो. निरफणसाच्या फोडी मिळतात. डिंक हाताला न लागता फणसाची भाजी खायला मिळते म्हणून मी ते पैसे आनंदाने देते.

अंत्रुजकर | सोमवार, रात्री १०.३०

मतभेद नोंदवतो. पाव आणि वाटप (नारळ-मसाल्याचे वाटण) यांना एका पंक्तीत बसवू नये. पावाला भट्टी लागते, ती घरात नसते. वाटपाला लागते ते सगळे घरात असते.

मसाला दळला की त्याचा वास उडू लागतो, कारण वास देणारी तेले हवेत जातात. म्हणून धणे, मिरी, बडीशेप, खसखस, दगडफूल भाजून त्याच दिवशी वाटायचे, ओल्या नारळाबरोबर. कित्येक महिने फळीवर राहिलेली पूड ते काम करूच शकत नाही. ती लाल रंग देते, तिखटपणा देते, पण शागोतीचा जो वास शेजारच्या घरापर्यंत जायला हवा तो देत नाही.

आणखी एक. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणे बंधनकारक आहे. दुकानात उभे राहून वाचा. पहिले नाव धण्याचे आणि दुसरे-तिसरे मिठाचे असेल, तर आपण मसाल्याच्या भावाने मीठ घरी आणतो आहोत. सुरंगीबाय, मसाला सोडा. पीठ घेतले तर माझी हरकत नाही.

तिरफळ | सोमवार, रात्री १०.३८

अंत्रुजकर काका, आदर राखून विचारते. "घरात असते" म्हणजे कोणाच्या हातात असते? वाटप करायचं कोणी?

अंत्रुजकर | सोमवार, रात्री १०.५५

प्रश्न रास्त आहे. आमच्या घरी नारळ मी खवतो, लग्न झाल्यापासून. बाजारातून मासळी आणणे आणि साफ करणेही माझ्याकडे. पत्नी भाजते, वाटते, फोडणी देते. दोघांनी हात लावला तर वाटप वीस मिनिटांत होते. एकटीवर टाकून "घरचे बरे" म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी बोलत नाही.

सुरंगी | सोमवार, रात्री ११.०२

काका, तुमचा हा प्रतिसाद छापून फ्रिजवर लावणार आहे. :)

रापण | मंगळवार, सकाळी ७.२०

सुंगटांबद्दल मी बोलते, माझं माहेर मासळीच्या धंद्यातलं.

सोललेल्या सुंगटांचा भाव ऐकून लोक आमच्यावर डोळे वटारतात. अहो, डोकं, साल आणि काळा दोरा काढला की निम्म्याच्या आसपास वजन जातं. समजा अख्खी सुंगटं ४०० रुपये किलो. किलोभर सोलली की अर्धा किलो मांस हाती. म्हणजे सोललेल्यांचा खरा भाव ८०० झाला, आणि यात सोलणाऱ्या बाईची मजुरी अजून धरलीच नाही. ९०० ला मिळत असतील तर अर्ध्या किलोमागे ५० रुपयेच तुम्ही सोलण्याचे देता. बारीक सुंगटं सोलून बघा, पाठ आणि बोटं दोन्ही जातात. तो भाव महाग नाही. तिसऱ्यांचंही तसंच: शिंपल्यांसकट माप आणि मांसाचं माप यांची तुलना करू नका.

गोठवलेल्या पाकिटात मात्र बघून घ्या. सुंगटांवर बर्फाचा थर देतात, तो सुकू नयेत म्हणून लागतोच. पण पैसे मासळीचे द्यायचे, बर्फाचे नाही. पाकिटावरचं निव्वळ वजन वाचा, आणि घरी बर्फ वितळवून निथळून तोललं की तो विक्रेता कसा आहे ते कळतं.

१ जून ते ३१ जुलै यंत्रचालित होड्यांना मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्याच्या नावाने काय मिळतं हेही जरा विचारून घ्यावं. त्या दिवसांत आमच्याच घरी सुकं खातात.

कुळागर | मंगळवार, सकाळी ८.१०

सुंदर प्रतिसाद, रापण. हाच हिशेब मटाराला लावा. किलोभर शेंगा सोलल्या की दाणे निम्म्याहून कमीच. हंगाम सरला की शेंगांचा भाव चढतो, आणि गोठवलेले मटार दाण्यामागे ताज्यापेक्षा स्वस्त पडतात. तयार म्हणजे महाग हे सगळीकडे लागू नाही.

एकटा_वेर्णा | मंगळवार, दुपारी १.३५

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. वेर्ण्याला कारखान्यात नोकरी, खोलीत एकटा. इथले सगळे हिशेब घरात चार-पाच माणसं धरून चाललेत. एकट्या माणसाचं गणित उलटं असतं.

मी नारळ फोडला तर अर्धा संपतो, अर्धा फ्रिजमध्ये बुरशी धरतो. कोथिंबिरीची जुडी दोन दिवसांत पिवळी. पाव किलो भेंडी आणली तरी तीन दिवस भेंडीच. जे फेकलं त्याचे पैसे धरले तर १०० ग्रॅमची चवाची पुडी मला नारळापेक्षा स्वस्त पडते. सुरंगीताईंना न पटणारी वस्तू मला पटते, ती याचमुळे.

आणि माझ्या पुढ्यात तयार पीठ आणि घरचं पीठ असे दोन पर्याय नसतातच. पीठ फ्रिजमध्ये नसेल तर मी गाड्यावर जाऊन खातो. मग ९० रुपयांचं पीठ तीन वेळा पुरतं, आणि गाड्यावर एका वेळेला तेवढेच जातात.

आबोली | मंगळवार, दुपारी ३.००

एकटा_वेर्णा, हे फार नेमकं लिहिलंत. शेवटचा मुद्दा तर सगळ्यांनाच लागू आहे.

मला मात्र पैशांआधी मिठाबद्दल बोलायचं आहे. माझ्या घरी रक्तदाबाचे दोन रुग्ण आहेत, त्यामुळे पाकिटाची मागची बाजू वाचायची सवय लागली. तिथे सोडियम मिलिग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. त्याला अडीचने गुणलं की मीठ. पुडीवर ९०० मिलिग्रॅम सोडियम असेल तर सव्वादोन ग्रॅम मीठ झालं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा जास्त मीठ नको असं स्पष्ट आहे. एका पुडीत जवळजवळ अर्धा दिवस संपला. आणि आकडा १०० ग्रॅममागे आहे, एका वाढपामागे की अख्ख्या पुडीमागे, हेही बघा. तिथेच बरेच जण चुकतात.

म्हणून सोललेली लसूण आणि नूडल्सची पुडी यांना "तयार" या एकाच पेटीत टाकू नका. ब्राझीलचे कार्लोस मोंतेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ पासून मांडलेली 'नोव्हा' नावाची वर्गवारी आहे, चार गटांची. आपल्या घरात ती अशी बसते: सोललेली सुंगटं, गोठवलेले मटार, खवलेला नारळ पहिल्या गटात, कारण पदार्थ होता तोच राहिला. तेल, मीठ, गूळ दुसऱ्या. सुका बांगडा, लोणचं तिसऱ्या. आणि ज्यांच्या घटकांच्या यादीत आपल्या स्वयंपाकघरात कधीच नसणारी नावं असतात ती पाकिटं चौथ्या. पहिल्या गटाला जास्त पैसे द्यायला माझी ना नाही. चौथ्या गटातलं स्वस्त मिळालं तरी मला नको.

डिचोलीकर | मंगळवार, दुपारी ४.१२

अवांतर: नूडल्सचा विषय निघालाच आहे तर, मॅगीचा कारखाना आपल्या डिचोलीत आहे, १९९७ पासून. २०१५ मध्ये देशभर बंदी आली तेव्हा आमच्या वाड्यावर महिनाभर दुसरा विषय नव्हता. आमच्याकडे ती पुडी म्हणजे अर्ध्या ओळखीच्या लोकांची नोकरी.

म्हापशेकर | मंगळवार, दुपारी ४.२०

डिचोलीकर, म्हणजे सुरंगीताईंनी नूडल्स आणल्या तर 'स्थानिक उत्पादन' म्हणून सासूबाईंना सांगता येईल. :))

आबोली | मंगळवार, दुपारी ४.३१

म्हापशेकर, स्थानिक असल्याने सोडियम कमी होत नाही हो!

तारवटी | मंगळवार, रात्री ८.४५

जहाजावरून नमस्कार. इंटरनेट मिळेल तसं लिहितो.

"पाकिटातलं जेवण म्हणजे रसायनं" असं इथे अजून कोणी म्हटलं नाही, पण म्हणतील, म्हणून आधीच लिहून ठेवतो. जेवण तयार असलेली, फक्त गरम करायची जी जाड चंदेरी पाकिटं असतात (राजमा, डाळ, पुलाव), ती टिकतात ती उष्णतेमुळे. अन्न पाकिटात भरून, हवाबंद करून, मग दाबाखाली साधारण १२१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. जंतू मरतात, बाहेरून नवे शिरत नाहीत. त्यासाठी टिकवण्याचं औषध घालावं लागत नाही. म्हैसूरची संरक्षण खात्याची अन्न संशोधन प्रयोगशाळा, १९६१ पासूनची, तिथे सैन्यासाठी अशा अन्नावर फार काम झालं आहे.

चव? भात बरा, डाळ चांगली, भाजी मऊ पडते. मीठ आबोलीताई म्हणतात तसं बघून घ्यावं. पण कॅबिनमध्ये रात्री पहारा संपल्यावर एक पाकीट गरम पाण्यात टाकलं आणि भात-डाळ मिळाली, की त्याची किंमत मी विचारत नाही. घरी आलो की मात्र अशी पाकिटं घरात आणत नाही. घरी आल्यावर हुमण-शीत, म्हणजे माशाची आमटी आणि भात. (जाता जाता, उकड्या तांदळाचं पाकीट अजून कोणी का काढत नाही? धंद्याची कल्पना फुकट देतो.)

हिशोबनीस | मंगळवार, रात्री ९.३०

धागा उत्तम चाललाय. दोन-तीन गोष्टी.

एक, पराठे. २०२० मध्ये कर्नाटकातल्या जीएसटी अग्रिम निर्णय प्राधिकरणाने ठरवलं होतं की मलबार परोटा म्हणजे पोळी नव्हे, म्हणून त्यावर १८ टक्के. पोळीवर ५ होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून पोळी, पराठा, परोटा सगळ्यांवर शून्य. सुरंगीताई, तुमच्या जुन्या बिलाशी आजचा भाव ताडून बघा. कर गेला आणि किंमत तीच राहिली असेल तर दुकान बदला.

दोन, पीठ. तुमचा हिशेब बरोबर आहे, पण किलोभराचा आहे. भिजवणं, वाटणं, भांडी धुणं याला जो हातचा वेळ जातो तो एक किलोला अर्धा तास असेल तर दोन किलोला चाळीस मिनिटं. धान्य दुप्पट झालं तरी वेळ दुप्पट होत नाही. दोन किलोवर ११४ रुपये वाचतात. आठवड्याला दोन किलो लागणाऱ्या घराने घरी वाटावं, अर्धा किलो लागणाऱ्याने आणावं.

तीन, वेळेची किंमत. लोक पगाराला तासांनी भागतात आणि म्हणतात, माझा तास ३०० रुपयांचा, म्हणून नारळ खवणं परवडत नाही. पण त्या वेळात तुम्हाला कोणी ३०० रुपये देणार असतं का? नसतं. हा हिशेब चुकीचा आहे.

तिरफळ | मंगळवार, रात्री ९.५०

हिशोबनीस, पहिल्या दोन मुद्द्यांना टाळ्या. तिसऱ्याशी जोरदार असहमत.

पगार मिळत नाही म्हणून त्या अर्ध्या तासाची किंमत शून्य होत नाही. संध्याकाळी साडेसातला घरी आलेली बाई आठ वाजता मुलाचा अभ्यास घेते की मिक्सर धुते, यात फरक आहे. ती नुसती पाय पसरून बसली तरी फरक आहे. पुरुषाच्या विश्रांतीला 'दमून आलाय' म्हणतात, आणि बाईच्या विश्रांतीला हिशेबात शून्य धरायचं? घरच्या जेवणाचा भाव एवढा कमी दिसतो तो त्यात मजुरी धरलेली नसते म्हणून. रापणने सुंगटं सोलणाऱ्या बाईची मजुरी धरली तेव्हा सगळ्यांना पटली. तीच सुंगटं घरी सोलली की मजुरी गायब!

हिशोबनीस | मंगळवार, रात्री १०.०४

तिरफळ, शून्य म्हणालो नाही, पगाराचा दर लावू नका म्हणालो. पण विश्रांतीला दर लावायचा तर तो ज्याचा त्याने ठरवावा, हे मान्य. ५७ रुपयांत अर्धा तास मिळतोय, तो हवा की नको एवढंच विचारायचं. मला वाटतं सुरंगीताईंनी तेच केलं आहे.

सत्तरीकर | बुधवार, सकाळी ६.५०

वाळपईच्या पुढे, गावात राहतो. गोठवलेल्या वस्तूंचं आमच्याकडे जमत नाही. पावसात झाड पडलं की वीज गेली, कधी येईल सांगता येत नाही. उणे १८ अंशाला राहायला हवी ती वस्तू एकदा वितळली आणि परत गोठली की खायच्या लायकीची उरेलच असं नाही. शहरातल्या माणसाला फ्रिजर भरवशाचा, आम्हाला नाही.

पण आमच्याकडे पुरुमेंत आहे, म्हणजे पावसाळ्याची बेगमी. मे महिन्यात पापड, सांडगी मिरच्या, आमसुलं, चिंच, फणसाची साटं, सुके बांगडे, गालमो (सुका जवळा), चेपणीत घातलेली तोरं (मिठात मुरवलेल्या कैऱ्या), कांद्याच्या माळा. पावसाचे चार महिने बाजार नसला तरी जेवण अडत नाही. भात, चेपणीचं तोर, भाजलेला सुका बांगडा: दहा मिनिटांत ताट तयार. यापेक्षा सोयीचं कुठलं पाकीट? आणि जास्तीचा खर्च काही नाही.

तिरफळ | बुधवार, सकाळी ९.१५

सत्तरीकर भाऊ, पुरुमेंताबद्दल प्रेम आहेच. पण "खर्च काही नाही" म्हणू नका. मे महिन्याच्या उन्हात तोरं निवडून, धुऊन, मिठात घालणारी, पापड लाटणारी, कावळ्यांवर नजर ठेवून बसणारी तुमची आईच ना?

सत्तरीकर | बुधवार, दुपारी १२.४०

आई, दोन काकी आणि शेजारच्या दोघी. मिरच्या आणि आमसुलं आम्ही पोरं उन्हात पसरायचो. काम फार होतं, खरं आहे. पण एकत्र बसून व्हायचं, गप्पा चालायच्या. आता आई एकटी करते आणि तिला ते झेपत नाही, म्हणून गेल्या वर्षापासून पापड गटाकडून घेतो. तोरं आणि आमसुलं घरचीच, ती मी करतो.

हळदीचं_पान | बुधवार, दुपारी २.२५

'गटाकडून' वाचलं आणि लिहायला बसले. मी साखळीजवळ स्वयंसहाय्य गटात आहे. चपात्या रोज, पापड-सांडग्या उन्हाळ्यात, नेवऱ्या (करंज्या) आणि मोदक चवथीला. या धाग्यात विकत घेणारे बोलले, विकणाऱ्यांचीही बाजू यावी.

आमची चपाती १० रुपयांना. कणीक, तेल, गॅस, पिशवी मिळून साडेचार-पाच रुपये जातात. उरलेल्यात पहाटे चारला उठणाऱ्या तिघींचे हात, पोचवणाऱ्या मुलाचं पेट्रोल, आणि जे विकलं जात नाही त्याचं नुकसान. नेवरीला २० म्हटलं की "एवढे?" असं विचारतात. नेवरी लाटायची, सारण भरायचं, कातण्याने कापायची, मंद आचेवर तळायची, एकेक हाताने. तेच गिऱ्हाईक दुकानात चिप्सच्या पाकिटाचा भाव विचारत नाही, कारण तो छापलेला असतो.

घरगुती घ्यायचं तर एवढं मात्र बघा: पिशवीवर अन्नसुरक्षेचा १४ आकडी नोंदणी क्रमांक आहे का आणि तारीख आहे का. लहान व्यावसायिकालाही नोंदणी लागते, आम्ही केली आहे. ज्यांनी केली नसेल त्यांना करायला सांगा, पण त्यासाठी भावात घासाघीस करू नका.

आणि सुरंगीताई, तुमचे ५७ रुपये पिठाच्या कंपनीकडे जातात की गावातल्या पीठ वाटणाऱ्या बाईकडे, हाही प्रश्न हिशेबात घ्या. आमच्याकडे एक बाई आहे, ती ६० रुपये किलोने देते, आदल्या रात्री वाटून.

कुळागर | बुधवार, दुपारी ३.०५

हळदीचं_पान, या धाग्यातला सर्वात मोलाचा प्रतिसाद. चवथीला आमच्या नेवऱ्या गेली काही वर्षं गटाकडच्याच. माटोळी (गणपतीवरची फळाफुलांची आरास) बांधायला आता घरात सगळ्यांना वेळ मिळतो. पातोळ्या मात्र घरीच, त्या गरमच खायच्या.

म्हापशेकर | बुधवार, दुपारी ३.१८

पातोळ्या गरमच. याबाबत तरी धाग्यावर एकमत दिसतंय.

मांडवी | बुधवार, संध्याकाळी ६.३०

आतापर्यंत फक्त वाचत होते. लसणीबद्दल लिहिते, कारण सुरंगीने तो प्रश्न उघडा ठेवलाय.

माझी आई ७८ वर्षांची, पणजीत एकटी राहते, बोटांच्या सांध्यांना सूज. ती लसूण सोलू शकत नाही, नारळ खवू शकत नाही, फणस तर दूरच. सोललेली लसूण, खवलेला नारळ, चिरलेली भाजी आणि साफ केलेली मासळी घरी यायला लागल्यापासून ती पुन्हा स्वतः रांधते. त्याआधी डबा लावला होता आणि ती अर्धं टाकून द्यायची. परवा तिने तोणाक (रस्साभाजी) केलं आणि मला फोनवर सांगितलं, "आज मीठ माझ्या हाताचं आहे." या पैशांना मी जास्तीचे म्हणूच शकत नाही.

चांगले हातपाय असलेल्याने लसूण सोलावी की नाही, हे मला सांगता येणार नाही. पण दुकानात ती पुडी उचलणाऱ्याला आळशी म्हणू नका, ती कोणासाठी चाललीय हे आपल्याला दिसत नसतं.

आबोली | बुधवार, संध्याकाळी ६.४४

मांडवी, तुमच्या आईंना नमस्कार सांगा. लसणीचं एक: सोललेली पाकळी घ्या, पेस्ट घेताना यादी वाचा. पेस्टमध्ये मीठ, तेल, आम्ल घातलेलं असतं, लसूण किती ते शेवटी कळतं. आणि सोललेली लसूण फ्रिजमध्येच ठेवा, तेलात बुडवून ओट्यावर ठेवू नका, ते धोक्याचं आहे.

अंत्रुजकर | बुधवार, रात्री ८.१०

मांडवी यांचे म्हणणे पूर्ण मान्य. मसाल्याबद्दलचे माझे मत मात्र कायम आहे, ते चवीचे मत आहे. ज्यांना रोज वाटायला वेळ नाही त्यांच्यासाठी: रविवारी वाटप जास्त करा, नारळासकट, पाणी कमी घालून. एका वेळेला लागेल एवढे लहान डब्यांत भरून फ्रिजरमध्ये ठेवा. तीन आठवडे तरी उत्तम राहते. आमची मुलगी पुण्याला नोकरी करते, ती असेच करते. कोकम किंवा चिंच वाटपात घालू नये, शिजवताना घालावी.

सुरंगी | बुधवार, रात्री १०.१५

सगळ्यांना देव बरें करूं. प्रिंट काढून सासूबाईंना वाचायला दिलं (त्यांना मोबाईलवर वाचवत नाही). अंत्रुजकर काकांचा उतरता क्रम त्यांना फार आवडला, मसाल्याच्या पुडीवर चष्मा लावून वाचून बघितलं आणि विजयी चेहऱ्याने माझ्याकडे दिली. मसाला बंद. पण रापणचा हिशेब वाचल्यावर सुंगटांवर त्या काही बोलल्या नाहीत, म्हणजे सुंगटं चालू.

नारळ नवऱ्याकडे गेला. रविवारी खवून फ्रिजरमध्ये ठेवायचा, तेही त्याचंच काम. त्याने तिरफळचे प्रतिसाद वाचले आहेत. पीठ आम्हाला आठवड्याला किलोभरच लागतं, म्हणजे हिशोबनीसांच्या नियमाने विकतचंच बरं, पण ते गावातल्या बाईकडून घ्यायचं आहे. हळदीचं_पान, डिचोली बाजारापर्यंत कोणी पोचवतं का? पराठ्यांच्या जागी गटाच्या चपात्याही बघायच्या आहेत.

हळदीचं_पान | बुधवार, रात्री १०.३२

मंगळवार-शुक्रवार आमचा मुलगा डिचोलीला येतो, बसस्थानकाजवळ सकाळी साडेसातला. पीठ हवं तर आदल्या दिवशी दुपारपर्यंत सांगावं लागतं, कारण डाळ तेव्हाच भिजते. व्यक्तिगत निरोपात नंबर पाठवते.

एकटा_वेर्णा | बुधवार, रात्री १०.४०

वेर्ण्याच्या बाजूला असा कोणी गट आहे का? अर्धा किलो पीठ आणि चार चपात्या एवढंच गिऱ्हाईक आहे, पण रोजचं.